दुबईत एक लोणंद हवं

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून धावपट्ट्या दोन आहेत आणि तिकीट काढून रोज बसता येईल असं विमान एकही नाही. कराडची धावपट्टी कोयना धरणाच्या काळातली. दुसरी सांगलीजवळ कवलापूरला. तिच्यावरून विमानांपेक्षा निवेदनंच जास्त उडाली असावीत. त्यामुळे इथल्या माणसाला विमान गाठायचं तर आधी जिल्हा सोडावा लागतो. कोल्हापूरचं उजळाईवाडी, पुण्याचं लोहगाव, नाहीतर सरळ मुंबई. आणि माणसं काही कमी उडत नाहीत. विटा, खानापूर, आटपाडीकडचे गलाई व्यावसायिक सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पसरलेत. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यासारख्या गावांतले जवान सुट्टी संपली की श्रीनगर-गुवाहाटीकडे निघतात. ज्या घरांत दोन पिढ्यांपूर्वी पुणं हाच परदेश होता, तिथली मुलं आता जर्मनीत शिकतात. अशा मुलाच्या तिकिटावर छापलेलं असतं : मुंबई ते फ्रँकफर्ट, एक थांबा, दुबई. हे खोटं नाही, फक्त अपुरं आहे. पोरगा तासगावचा असेल तर तासगाव-सांगली एक गाडी, सांगली-मुंबई दुसरी, उतरल्या ठिकाणाहून सहारपर्यंत तिसरी, आणि मग कुठे विमानांची सुरुवात. तिकीट विकणाऱ्याच्या हिशेबात पेठ नाका येत नाही.

आता या साखळीत वेळ वाटला कसा जातो ते बघा. रस्त्याच्या बाबतीत आपण कर्णाचे अवतार. सांगलीहून मुंबई पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आठ तास धरले तरी पुष्कळ. धरले जातात बारा. तासवडे, आणेवाडी, खेड शिवापूर या टोलनाक्यांना प्रत्येकी पंधरा मिनिटं. खंबाटकीचा बोगदा आणि त्यापुढचं ते बदनाम वळण यांना अर्धा तास. नवले पुलाला अर्धा. खंडाळ्याच्या घाटात एखादा कंटेनर आडवा पडलेला असणारच, त्याचा एक. गाडी एसटीची असेल तर महामार्गावरच्या हॉटेलात कंडक्टर ‘धा मिन्टं’ म्हणतो, त्याची पंचवीस. पंक्चरसाठी एक तास वेगळा. पंक्चर झालंच नाही तर तो शिल्लक. घरातला प्रत्येक जण या हिशेबात आपला अर्धा तास टाकतो, सत्यनारायणाच्या पूजेत फूल टाकावं तसा, आणि शेवटी रात्रीच्या विमानासाठी गाडी सकाळी आठला दारातून हलते. हे ठरवणारं कुटुंब तेच, ज्याने महिन्याभरापूर्वी दोन-तीन हजार वाचतात म्हणून दुबईत सव्वा तासाचा थांबा असलेलं तिकीट हसतमुखाने काढलेलं असतं.

एकाच घरात, एकाच प्रवासासाठी, ही उधळपट्टी आणि हा चिक्कूपणा एकत्र कसे नांदतात? मला वाटतं, याचं कारण ओळख हे आहे. खंबाटकी आपल्या ओळखीची आहे, तिचे गुण माहीत आहेत, म्हणून तिच्यावर विश्वास नाही. दुबईच्या विमानतळाची ओळख नाही. तो काचेचा आहे, चकचकीत आहे, तिथे जमिनीत तोंड दिसतं. अशा ठिकाणी घाट कुठून असणार? लग्नासाठी गावातल्याच स्थळाची शंभर वेळा चौकशी करायची आणि अमेरिकेतलं स्थळ आलं की फोटो बघून हो म्हणायचं, त्यातलाच हा प्रकार. खरं म्हणजे कुठल्याही मोठ्या विमानतळाच्या पोटात एक खंबाटकी असते. तिला फक्त नाव इंग्रजी असतं आणि टोलऐवजी पट्टा काढून घेतात.

सव्वा तास जवळून पाहू. पंच्याहत्तर मिनिटं. यातली वीस-पंचवीस पहिल्यालाच गेली, कारण विमान सुटण्याच्या तेवढी आधी गेट बंद होतं. बोर्डिंग पासवर वेळा दोन छापलेल्या असतात, एक आत बसायला सुरुवात होण्याची आणि एक सुटण्याची, आणि माणसाची नजर हटकून उशिराच्या वेळेवर जाते. उरली पन्नास. पोहोचण्याची म्हणून जी वेळ कागदावर असते ती विमान जागेवर उभं राहण्याची. दार उघडण्याची नव्हे आणि चौतिसाव्या रांगेतल्या माणसाची तर नव्हेच. पुढच्या तेहेतीस रांगांतले लोक उभे राहून डोक्यावरच्या कप्प्यांतून पिशव्या ओढतात, त्यातल्या एकाची पिशवी हमखास दुसऱ्या टोकाच्या कप्प्यात असते. गेली पंधरा. बाहेर आलं की पुन्हा सुरक्षा तपासणी. मुंबईत झाली होती, हे सांगून उपयोग नसतो. इथे हातातल्या सामानातला सातारी कंदी पेढ्यांचा डबा यंत्राच्या पडद्यावर एक घट्ट गोळा म्हणून दिसतो. तपासणारा गृहस्थ डबा उघडतो, वास घेतो, शेजारच्याला दाखवतो. पेढा हा पदार्थ निरुपद्रवी आहे हे सिद्ध व्हायला सात-आठ मिनिटं लागतात. मग पाटी शोधायची. गेट ‘ए’मध्ये निघालं तर आतल्या आत ट्रेन पकडायची. ट्रेनमधून उतरल्यावरही गेटाचा आकडा एक-दोन असेल असं समजू नये. एवढ्यात वेळ उरला तर उरला, आणि हे सगळं पहिलं विमान अगदी घड्याळाबरहुकूम आलं असं धरून. ते वीस मिनिटं उशिरा आलं तर या परिच्छेदातला पेढ्यांचा भाग माणसाला सोडून द्यावा लागतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. कंपनी काय वेडी आहे का? जमत नसतं तर तिने तिकीट विकलं असतं का? आक्षेप बिनतोड वाटतो, पण त्यात एक शब्द नजरेआड होतो. विमानतळ आणि कंपन्या मिळून जो आकडा ठरवतात त्याला ‘मिनिमम कनेक्टिंग टाइम’ म्हणतात. व्हिएन्नाचा विमानतळ २५ मिनिटांची फुशारकी मारतो, फ्रँकफर्ट ४५ सांगतो. या आकड्याच्या खालचं तिकीट यंत्र एकत्र जोडून देत नाही, वरचं कुठलंही देतं. म्हणजे तो आकडा किमान आहे. किमान या शब्दाचा अर्थ सांगली जिल्ह्यात तरी कुणाला समजावून सांगावा लागू नये. उसाची एफआरपी मिळाली म्हणून इथे कुणी गुलाल उधळत नाही. तिच्यावर किती देता, पहिली उचल कधी देता, यासाठी दर हंगामात ट्रॅक्टर अडवले जातात, टायरांतली हवा जाते. किमान म्हणजे याखाली गेलात तर कायद्याने चूक, एवढंच. त्यात पोट भरतं असं कुणी म्हटलेलं नाही. तोच ऊसवाला मुलाच्या तिकिटात मात्र नुसत्या एफआरपीवर खूश होतो. आणि तो किमान आकडा धरलेला असतो वाट माहीत असलेल्या, इंग्रजी पाट्या भराभर वाचणाऱ्या, गुडघे शाबूत असलेल्या माणसासाठी. नातवाला बघायला पहिल्यांदाच निघालेले आजी-आजोबा, आजोबांच्या हातात पासपोर्टांची पिशवी आणि आजींच्या पायात नवे बूट, हे त्या आकड्यात कुठेच बसत नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : एकाच तिकिटावर दोन्ही विमानं असतील तर पुढचं चुकल्यावर जबाबदारी कंपनीची, मग आपण कशाला झुरायचं? हे खरं आहे, आणि त्यासाठीच एका तिकिटाचा आग्रह धरावा. कंपनी पुढच्या विमानात बसवते. पण ‘पुढच्या’ हा शब्द पुन्हा नीट ऐकावा. साताऱ्याच्या स्टँडवर स्वारगेटची विनाथांबा डोळ्यांदेखत सुटली तर माणूस एक सुस्कारा टाकतो आणि दुसरीच्या रांगेत लागतो. त्याचं पुढचं म्हणजे थोड्या वेळाने. फ्रँकफर्टच्या विमानाचं पुढचं म्हणजे काही तासांनी, त्यात जागा असेल तर. चार जणांचं कुटुंब असेल तर दोन आज आणि दोन उद्या. शिवाय फ्रँकफर्टहून पुढे पोराला जी ट्रेन पकडायची असते तिच्याशी या कंपनीचा काही संबंध नसतो. आणि दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढलेली असतील, तर मग संबंध मुळातच नाही. एका तिकिटाचा प्रवास हे ठरवून केलेलं लग्न आहे, काही बिनसलं तर दोन्हीकडची मंडळी येऊन बसतात. दोन तिकिटांचा प्रवास म्हणजे पळून जाऊन केलेलं. पुढे काही झालं की दुसरी कंपनी एवढंच विचारते : करताना आम्हाला विचारलं होतं? पहिलं विमान तीन तास उशिरा आलं हे तिच्या दृष्टीने तुमचं खासगी दुःख. तुम्ही आला नाहीत, एवढी नोंद ती करते, आणि तिकिटाचे बहुतेक पैसे त्या नोंदीबरोबर जातात. बॅगेचंही तसंच. काउंटरवर बॅगेला जी कागदी पट्टी चिकटवतात तिच्यावर तीन-तीन अक्षरांची नावं असतात. शेवटचं नाव फ्रँकफर्टचं असेल तर बॅग फ्रँकफर्टला जाईल. दुबईचं असेल तर ती दुबईच्या पट्ट्यावर तुमची वाट बघत गोल फिरत बसेल. ही पट्टी वाचायला पाच सेकंद लागतात. परत येतानाचा नियम आणखी निराळा : परदेशातून येऊन दिल्ली-मुंबईत विमान बदलणार असाल तर साधारणपणे बॅग तिथेच ताब्यात घ्यायची, कस्टममधून न्यायची आणि पुन्हा द्यायची. माणूस पळू शकतो. बॅग पळत नाही. सव्वा तासात धापा टाकत पोहोचलेल्या माणसाची कांदा-लसूण चटणी दोन दिवसांनी मागून आली, तर त्याला यशस्वी प्रवास म्हणायचं का, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

तेव्हा सवड किती ठेवायची हे उशीर होण्याच्या शक्यतेवर ठरवू नये. चुकलं तर पुढचं कधी, यावर ठरवावं. ही काही परदेशी विद्या नाही. मिरजेने पिढ्यान्‌पिढ्या हेच शिकवलं. १९७१ साली पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग रुंद झाला, तोवर मुंबईकडून येणाऱ्याला पुण्यात रूळ बदलावे लागत, म्हणजे गाडी बदलावी लागे. त्यानंतरही मिरजेला बरीच वर्षं तीन मापांचे रूळ होते : पुणे-कोल्हापूरकडची मोठी गाडी, बेळगाव-हुबळीकडची मीटरगेज आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडची नॅरोगेज. तिन्ही गाड्या एकमेकींची वाट बघतीलच याची खात्री नसे. म्हणून मिरजेला उतरणारा माणूस पहिला प्रश्न ‘गाडी किती वाजता?’ असा विचारत नसे. तो विचारे, ‘ही चुकली तर पुढची कधी?’ आणि पुढची संध्याकाळी असेल तर फलाटावर घोंगडं टाकून चार तास आधी बसे. लोक हसत. हसणाऱ्यांपैकी काहींना तेच घोंगडं रात्री मागून घ्यावं लागे.

याहून नेटका दाखला सातारा जिल्ह्यातच दरवर्षी बघायला मिळतो. माउलींची पालखी आळंदीहून निघते, नीरा ओलांडून जिल्ह्यात शिरते आणि लोणंदला मुक्काम करते. हा मुक्काम ठरीव नाही. तिथीची वृद्धी झाली, क्षय झाला, की तो वाढतो, घटतो; कधी एक दिवस, कधी दीड, कधी अडीच. ही सवड उशिरासाठी नसते, पंचांगासाठी असते, हे मान्य. पण हिशेब तोच आहे. आषाढी एकादशी कुणासाठी हलत नाही आणि चुकली तर पुढची वर्षानेच. शेवटची तारीख हलत नाही, तेव्हा मधला एक मुक्काम हलता ठेवायचा. एकादशीच्या आधी वाखरीला बाकीच्या पालख्यांशी गाठ पडायची असते, ती पडते. लाखभर माणसं, बैल, तंबू, स्वयंपाकाची भांडी, पाऊस, आणि तरीही अडीचशे किलोमीटरच्या वाटेवर तारीख चुकत नाही. दुबईच्या सव्वा तासाला नेमकं हेच नाही : त्यात लोणंद नाही.

‘पण मग चार-चार तास विमानतळावर बसून करायचं काय?’ हा तिसरा आक्षेप, आणि त्याच्या पोटात खरा आक्षेप चहाच्या किमतीचा असतो. विमानतळावरच्या एका कपात स्वारगेटला अख्ख्या घराचा चहा होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण किंमत चहाची नसते, चहा विकत घ्यावा लागण्याची असते. धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी या गोष्टी हातातल्या पिशवीतून नेता येतात. लोणचं मात्र नाही. तेलात तरंगणारी कैरी ही नियमाच्या दृष्टीने द्रवपदार्थ आहे, आणि शंभर मिलिलिटरच्या वर तिला मोठ्या बॅगेतूनच जावं लागतं. राहिला कंटाळा. पारावर सकाळी बसलेला माणूस जेवायला हाक मारेपर्यंत उठत नाही, त्या मुलुखात चार तास बसण्याचा बाऊ कुणी करू नये. हं, सवडीचा एक धोका मात्र मला मान्य आहे. ज्याच्याकडे पन्नास मिनिटं आहेत तो पळतो. ज्याच्याकडे पाच तास आहेत तो गेटापासून लांबच्या मऊ खुर्चीत झोपतो. तेव्हा झोपायचं तर गेटाच्या समोर. आणि मनगटावरचं घड्याळ विमानातच लावून घ्यावं. यात एक गंमत आहे. पश्चिमेला जाताना घड्याळ लावायचं विसरलं तरी फारसं बिघडत नाही, कारण आपलं घड्याळ दुबईच्या दीड तास पुढे असतं आणि माणूस उगाच लवकर जाऊन उभा राहतो. सिंगापूरला आपण अडीच तास मागे. तिथे विसरलेलं घड्याळ विमान घालवतं.

विमान कंपन्या आंतरराष्ट्रीय प्रवासाला तीन तास आधी या म्हणतात, ते ऐकून आपल्या आज्यांना वरून हसू येत असेल. एसटीला दोन तास आधी बोचकं घेऊन बसणाऱ्या बाईला अडाणी म्हणणारे लोक आता वेबसाइटने सांगितलं म्हणून तीन तास आधी रांगेत असतात. आज्यांकडे तर याहून पुढचं तंत्र होतं. निघायच्या दिवशी मुहूर्त जमत नसेल तर प्रस्थान ठेवायचं, म्हणजे सामानातली एखादी वस्तू आधीच्या चांगल्या वेळी शेजारच्या घरी नेऊन ठेवायची, की प्रवास सुरू झाला. मुहूर्ताचं बाजूला ठेवू. बॅग आदल्या दिवशी भरून दाराबाहेर काढली की शेवटच्या तासात तिच्यात तीन किलो हळद कोंबली जात नाही, हा प्रस्थानाचा फायदा कुणालाही पटेल.

आता यात मुंबईने नवी भर घातली आहे. सहार आणि सांताक्रूझ ही दोन टर्मिनलं वेगळी आणि मधे रस्ता, हे निदान माहीत तरी झालं होतं. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं आणि त्या वर्षाच्या नाताळापासून तिथून विमानं उडू लागली. आपल्याकडून जाणाऱ्यांना तो सोयीचा, पनवेलजवळच आहे. पण तिकिटावर पहिलं विमान नवी मुंबईत उतरणारं आणि दुसरं सहारहून सुटणारं असेल, तर त्या दोन ओळींच्या मधे मुंबईची अख्खी वाहतूक आहे. शहराच्या नावाखाली विमानतळाचं नावही वाचा.

आणि तारीख दोनदा वाचा. मुंबईहून परदेशी जाणारी पुष्कळ विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. आपल्या पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, विमानाचा रात्री बाराला. तिकिटावर १५ तारीख आणि वेळ शून्य-शून्य-चाळीस असेल, तर ते विमान चौदा तारखेच्या रात्री जेवणं आटोपल्यावर सुटतं. पंधराच्या रात्री पोहोचलात तर चोवीस तास उशीर झालेला असतो, आणि तिथे लोणंदची सवडही कामाची नाही. सांगलीहून निघायचं ते चौदाच्या सकाळी.